मूळ चाकांच्या आत मोठे ब्रेक बसवताना: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, अगदी चंदगडपासून मला याच विषयाचे फोन येतात. मी बेळगावातल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपमध्ये मोजमापाचं काम करतो. दिवसभर हातात व्हर्नियर आणि डायल गेज असतो, आणि सुट्टीच्या दिवशी गाडी जॅकवर. तीच तीच उत्तरं तोंडी देताना काहीतरी राहून जातं आणि ब्रेकच्या कामात राहून गेलेलं महागात पडतं, म्हणून सगळं एकत्र लिहिलंय. इथे ‘मूळ चाक’ म्हणजे कंपनीतून गाडीबरोबर आलेलं अलॉय.

कंपनीचे ब्रेक पुरत नाहीत काय? मोठे कशाला लागतात?

टिळकवाडीतून कॅम्पात ये-जा करणाऱ्याला कंपनीचे ब्रेक पुरून उरतात. अडचण होते घाटात आणि ट्रॅकवर, आणि ती उष्णतेची असते.

दीड टनाची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवली की सुमारे ५८० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. पुढच्या एका डिस्कच्या, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीच्या, वाट्याला त्यातले २०० धरा. आठ किलोची बिडाची डिस्क तेवढ्याने साधारण ५५ अंशांनी तापते. एकदाच थांबायचं असेल तर हे काहीच नाही. आता तीच गाडी चोर्ला घाटातून गोव्यातल्या केरीकडे उतरतेय असं धरा. ६०० मीटर उंची उतरताना सुमारे ८,८०० किलोज्यूल कुठेतरी जिरवावे लागतात. म्हणजे १०० वरून पंधरा वेळा थांबण्याइतकं काम, आणि मध्ये थंड व्हायला उसंत नाही. हवा आणि टायर त्यातला थोडा वाटा उचलतात. गिअर खाली घेतला तर इंजिन बराच उचलतं. गिअर न बदलता पाय ब्रेकवरच ठेवला तर सगळा भार डिस्कवर. डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारं पॅड ठरावीक तापमानाच्या वर गेलं की पकड सोडतं, आणि ऐन वळणावर पेडल कितीही दाबा, गाडी पुढे सरकतच राहते.

मोठ्या डिस्कमध्ये बीड जास्त असतं, हवा लागायला पृष्ठभागही जास्त मिळतो. म्हणून ती तितक्याच कामात कमी तापते आणि लवकर निवते. तुम्ही पैसे मोजता ते या दमासाठी.

मोठ्या डिस्कने गाडी कमी अंतरात थांबते ना?

थंड ब्रेकवर, एकदाच थांबताना, बहुतेक वेळा नाही. गाडीला शेवटी टायर थांबवतं. मोकळ्या रस्त्यावर तुमच्या आत्ताच्या ब्रेकने जोरात दाबल्यावर एबीएसची (चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) घरघर पायाला जाणवत असेल, तर ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त आहे. अंतर कमी करायचं असेल तर चांगले टायर घ्या. फरक कळतो तो पाचव्या, दहाव्या वेळेला, डिस्क तापल्यावर.

मग एवढा खर्च करायच्या आधी स्वस्तात काय करून बघू?

ब्रेक ऑइल आणि पॅड. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांचं काम इथेच संपतं, आणि त्याचा मला आनंद होतो.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ या प्रतीचा उत्कलनबिंदू नव्या ऑइलला किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर १५५. डॉट ५.१ ला हेच आकडे २६० आणि १८०. आपल्याकडे कणकुंबी-जांबोटीचा पावसाळा बघता दोन वर्षांवर ऑइल ठेवू नये. एका ऑगस्टमध्ये आंबोली घाट उतरताना माझं पेडल स्पंजासारखं मऊ झालं. ऑइल चार वर्षं जुनं होतं, कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्यात, उकळून त्याची वाफ झाली होती. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घेत कडेला लावली आणि अर्धा तास पावसात उभा राहिलो. डिस्कचा दोष काहीच नव्हता. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं. नावात फक्त ‘.१’चा फरक दिसतो, पण ते या सिस्टिममध्ये घालायचं नाही.

पॅड घेताना रस्त्यासाठीचं, जास्त तापमान सोसणारं घ्या. निव्वळ रेसचं पॅड थंड असताना चावत नाही. सकाळी सातला घरातून बाहेर पडताना, पहिल्याच चौकात ते धोक्याचं आहे.

माझं अलॉय १७ इंची आहे. आत किती मोठी डिस्क बसेल?

१७ इंच म्हणजे ४३२ मिलिमीटर, पण हे माप टायर जिथे बसतो तिथलं. आतून बॅरलची, म्हणजे टायर धरणाऱ्या गोल कड्याची, जाडी वजा होते, आणि टायर चढवण्यासाठी ठेवलेला खोलगट पट्टाही. शेवटी मोकळी जागा उरते साधारण ३८५ ते ४०० मिलिमीटर. त्यात डिस्कच्या कडेबाहेर कॅलिपरची पाठ दोन्ही बाजूंनी पंचवीसेक मिलिमीटर येते. म्हणून ढोबळ अंदाज असा: १६ इंचात ३१२ च्या आसपास, १७ इंचात ३३० ते ३४०, १८ इंचात ३५५ ते ३७०.

यावर विसंबून ऑर्डर देऊ नका. एकाच गाडीची, एकाच मापाची दोन डिझाइनची मूळ चाकं असतात आणि एकात बसलेलं मोठ्या ब्रेकचं किट (डिस्क, कॅलिपर, ब्रॅकेटचा संच) दुसऱ्यात बसत नाही. कोल्हापूरच्या मित्राच्या गाडीत बसलं हा पुरावा नव्हे. त्याचं चाक आणि तुमचं चाक मागून बघितल्याशिवाय काही कळत नाही.

किट मागवायच्या आधी घरी कसं तपासायचं?

चांगले किटवाले कॅलिपरचा कागदी साचा देतात. तो छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवा. नाहीतर साचा तीन-चार टक्के लहान छापला जातो आणि सगळं छान बसतंय असं वाटतं. साच्यावर मोजपट्टीची रेघ असते, ती स्टीलच्या पट्टीने तपासा. मग जाड पुठ्ठ्यावर चिकटवून कापा. चाक काढून पालथं ठेवा, साचा हबच्या (गाडीकडच्या, चाक बोल्टने जिथे बसतं त्या भागाच्या) बैठकीला टेकवा आणि पूर्ण गोल फिरवा. एकाच जागी बघून उठू नका. स्पोक सगळीकडे सारखे दिसले तरी व्हॉल्व्हच्या जागी आणि बॅलन्सिंगचं वेट (वजनाचा तुकडा) लावलेल्या जागी फट वेगळी भरते.

कॅलिपर हातात आल्यावर खरी परीक्षा शाडूच्या मातीने. गणपतीत उरलेली असेल तर तीच, नाहीतर मुलांचं क्ले. कॅलिपरच्या पाठीवर आणि स्पोककडच्या तोंडावर लिंबाएवढे चार-पाच गोळे लावा, वर तेलाचं बोट फिरवा म्हणजे चाकाला चिकटणार नाहीत. चाक चढवून सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पूर्ण आवळा, हाताने सावकाश एक फेरी फिरवा, मग चाक काढा. गोळा जिथे सर्वांत चेपलाय तिथे व्हर्नियरची मागची दांडी खुपसून खोली बघा. तीच तुमची फट. मागच्या खेपेला मला पाठीवर ४.२ आणि स्पोककडे २.१ मिळाले. डोळ्याने बघून मी दोन्हीकडे पाच-पाच सांगितले असते.

फट किती असली म्हणजे चालतंय?

सहसा किमान ३ मिलिमीटर सांगतात. आपल्या रस्त्यांसाठी मी बॅरलकडे ४-५ धरतो. जोरात वळताना चाक आणि हब थोडे लवचतात. खड्ड्यात आदळून बॅरलची आतली कड चेपली तर दोन मिलिमीटर तिथेच गेले. आणि मुरमाचा खडा. कॅलिपर आणि बॅरलच्या मध्ये बारीक खडा अडकला की चाकाच्या आत गोल चर पडत जाते. बाहेरून काही दिसत नाही, फक्त खरखर ऐकू येते. असा आवाज आला तर लगेच थांबून चाक काढा.

बॅरलला लागत नाही, पण स्पोकला लागतंय. स्पेसर टाकला तर?

स्पेसर म्हणजे हब आणि चाकाच्या मध्ये बसणारी चकती. ती चाकाला बाहेर ढकलते, म्हणून स्पोककडची फट तेवढीच वाढते. बॅरलकडची फट त्याने वाढेलच असं नाही. उलट खोलगट पट्टा नेमका कॅलिपरच्या डोक्यावर आला तर ती कमी होते. स्पेसर लावून शाडूची परीक्षा पुन्हा करायची.

स्पेसर हबच्या मापाचाच हवा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या ५×११२ वाल्या (११२ मिलिमीटरच्या वर्तुळावर पाच बोल्ट) गाड्यांत मधलं भोक ५७.१ मिलिमीटरचं असतं. सैल भोकाचा स्पेसर बोल्टच्या भरवशावर बसतो आणि स्टिअरिंग थरथरतं. पातळ स्पेसरवर हबची कड वर किती उरते तेही बघा, कारण चाकाला टेकायला तिथे काहीतरी राहिलं पाहिजे. बोल्ट मूळच्यापेक्षा स्पेसरच्या जाडीइतके जास्त लांब घ्या. आट्या बोल्टच्या व्यासाइतक्या तरी आत गेल्या पाहिजेत, म्हणजे १४ मिलिमीटर बोल्टला दीड मिलिमीटर अंतराच्या आट्यांनी किमान नऊ फेरे. लांबी जास्त झाली तरी घात होतो, मागे बोल्टचं टोक फिरताना काही घासत नाही ना ते बघा. ३ ते ५ मिलिमीटरचा स्पेसर मी मान्य करतो. १५ लागत असेल तर ते किट तुमच्या चाकासाठी नाहीच.

आणि स्पोक आतून ग्राइंडरने घासून जागा करायची नाही. हे मला दोघांनी विचारलंय, म्हणून लिहितोय.

एवढी मोजमापं करण्यापेक्षा १९ इंची अलॉयच घेतो. भानगड मिटेल ना?

ब्रेकची मिटेल, टायरची सुरू होईल. २२५/४५ आर१७ टायरची भिंत १०१ मिलिमीटर उंच असते, २३५/३५ आर१९ ची ८२. या १९ मिलिमीटरचा फरक जांबोटीच्या पुढच्या खड्ड्यांत कळतो. मूळ चाकाची भार पेलायची क्षमता, ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते), सस्पेन्शनशी जुळणी हे सगळं कंपनीने तपासलेलं असतं. ते हातात असताना सोडू नये असं माझं ठाम मत आहे.

सहा पिस्टनचा कॅलिपर चार पिस्टनपेक्षा भारी असतो काय?

पिस्टन मोजू नका, क्षेत्रफळ मोजा. कंपनीच्या सरकत्या कॅलिपरमध्ये ५७ मिलिमीटरचा एकच पिस्टन असतो असं धरा. त्याचं क्षेत्रफळ २५.५ चौरस सेंटिमीटर. चार पिस्टनच्या पक्क्या कॅलिपरमध्ये एका बाजूला ३८ आणि ४२ चे दोन पिस्टन असतील तर त्यांचं मिळून २५.२. दाब जवळजवळ तोच. पिस्टन वाढले की लांब पॅडवर दाब सारखा पसरतो आणि कॅलिपर कमी लवचतो, फायदा एवढाच.

क्षेत्रफळ फार वाढलं तर तोटा होतो. पेडलने ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर तोच आहे, म्हणजे ऑइल तेवढंच ढकललं जाणार. मोठे पिस्टन भरायला पेडल जास्त खाली जातं. म्हणून विकणाऱ्याला पिस्टनचे व्यास विचारा. ते सांगता येत नसतील तर किट घेऊ नका.

फक्त पुढचे बदलले तर चालतंय काय? एबीएसचं काय?

चालतं, पण पुढचा जोर मूळच्या जवळ राहिला पाहिजे. जोर ठरतो तीन गोष्टींनी: पिस्टनचं क्षेत्रफळ, पॅडची पकड आणि डिस्कची त्रिज्या. डिस्क मोठी झाली की त्रिज्येमुळे जोर आपोआप वाढतो. म्हणून चांगल्या किटमध्ये पिस्टन मुद्दाम थोडे लहान ठेवलेले असतात. हे न बघता पुढे मोठी डिस्क, मोठे पिस्टन आणि चावरे पॅड असं सगळं एकदम वाढवलं तर पुढची चाकं लवकर लॉकच्या जवळ जातात, एबीएस लवकर जागा होतो, मागचे ब्रेक काम न करता फिरत राहतात आणि थांबायचं अंतर वाढतं.

एबीएसचा सेन्सर हबवर असतो, त्याला हात लागत नाही. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना मात्र स्कॅनर लावून एबीएसच्या ब्लॉकमधलीही काढून घ्या. मागचे ब्रेक उघडणार असाल आणि हँडब्रेक इलेक्ट्रिक असेल तर आधी तो सर्व्हिस मोडला टाका. पिस्टन जबरदस्तीने दाबला की मोटर गेली.

उद्यमबागेत कॅलिपर धरणारं ब्रॅकेट करून घेतलं तर? निम्म्या पैशात होतंय.

या प्रश्नाचं उत्तर देताना मला जपून बोलावं लागतं, कारण ही माणसं माझी आहेत. आपल्याकडच्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप पंपापासून गाड्यांच्या सुट्या भागांपर्यंत सगळं करतात आणि मिलिमीटरचा शंभरावा भाग सांभाळतात. कौशल्याबद्दल शंका नाही. प्रश्न डिझाइनचा आहे. आठशे-हजार किलोंचा ओढा त्या ब्रॅकेटवर पुन्हा पुन्हा येतो, आणि धातू थकून तुटतो तो हजाराव्या वेळेला, पहिल्या नव्हे.

तरी करायचंच असेल तर माझ्या अटी अशा: धातू प्रमाणपत्रासह, ७०७५-टी६ अ‍ॅल्युमिनियम किंवा चांगलं स्टील. भंगारातला तुकडा नको. वेल्डिंग कुठेही नको. आतल्या कोपऱ्यांना गोलाई, कारण चीर तिथूनच सुटते. बोल्ट १०.९ दर्जाचे. अ‍ॅल्युमिनियममध्ये आट्या बोल्टच्या व्यासाच्या दीड ते दोनपट खोल. आणि नकाशा ज्याला ताणाचा हिशोब येतो अशा इंजिनिअरने तपासलेला. हे सगळं धरलं तर ‘निम्मे पैसे’ राहत नाहीत. माझ्या स्वतःच्या गाडीला मी तयार किटचंच ब्रॅकेट लावलंय.

दुसरा एक रस्ता बऱ्याच जणांना माहीत नसतो: त्याच घराण्यातल्या वरच्या गाडीचे ब्रेक. फोक्सवॅगनच्या सातव्या पिढीच्या गोल्फ आर ला पुढे ३४० मिलिमीटरची डिस्क आणि साधा एक पिस्टनचा कॅलिपर आहे. त्याच प्लॅटफॉर्मच्या (मूळ सांगाड्याच्या) लहान ब्रेकवाल्या गाड्यांना लोक तेच लावतात. पॅड सहज मिळतात, धूळ रोखणारी रबरं कंपनीच्या दर्जाची असतात. दिसायला साधं, वापरायला उत्तम.

भोकांची डिस्क घेऊ की चरांची?

घाटासाठी साधी किंवा चरांची. भोकांच्या कडेला तापून-निवून चिरा पडतात.

लाल चिखलात आणि पावसात काही वेगळं बघावं लागतं काय?

हो. किट बसवताना डिस्कच्या मागचा पत्रा काढून टाकतात. ट्रॅकवर ठीक, खानापूर तालुक्यात नको. शक्य असेल तर पत्रा थोडा मागे वाकवून ठेवा. रेसच्या कॅलिपरला पिस्टनभोवती धूळ अडवणारं रबर नसतं. विचारून, रबर असलेलाच घ्या. पावसाळ्यात महिन्यातून एकदा चाक काढून पाण्याचा साधा झोत मारा, कॅलिपर तापलेला असताना नाही.

स्टेपनीचं काय?

हा प्रश्न फार कमी लोक आधी विचारतात आणि चोर्ल्यात, फोनला रेंज नसताना, त्यांना तो आठवतो. बऱ्याच गाड्यांची स्टेपनी मूळ चाकापेक्षा लहान असते. मोठ्या कॅलिपरवर ती चढतच नाही. किट बसवलं त्याच दिवशी, घरीच, चढवून बघा. चढत नसेल आणि पुढचा टायर गेला तर मागचं चांगलं चाक पुढे घ्यायचं आणि स्टेपनी मागे लावायची. म्हणजे दोनदा जॅक. त्यासाठी गाडीत लाकडी ओंडका आणि गाडी सरकू नये म्हणून चाकाला लावायची उटी ठेवा. स्पेसरमुळे बोल्ट लांब झाले असतील तर स्टेपनीसाठी मूळ बोल्टचा संचही हवा, कारण लांब बोल्ट आत जाऊन घासतो.

आरटीओ आणि विम्याचं काय? केए-२२ (बेळगाव) आणि एमएच-०९ (कोल्हापूर) ला नियम वेगळे आहेत काय?

कायदा केंद्राचा आहे, दोन्हीकडे तोच. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. परवानगी नसलेल्या बदलाला कलम १८२अ खाली दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. ब्रेक चांगल्यासाठी बदलले हे सांगून सूट मिळत नाही. म्हणून काम करायच्या आधी आरटीओत लेखी विचारा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेअरला कॅलिपर दिसतोच. मूळ ब्रेक विकून टाकू नका.

नवीन पॅड बसवून घ्यायचे म्हणजे काय, आणि ते कुठे करायचं?

पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसवायचा असतो. ८० वरून ३० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करा, पूर्ण थांबू नका. मग दहा मिनिटं ब्रेकला शक्यतो हात न लावता चालवा. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभे राहिलात तर पॅडचा ठसा एकाच जागी उमटतो आणि पुढे पेडल धडधडतं. लोक त्याला डिस्क वाकली म्हणतात. रविवारी पहाटे, सरळ आणि रिकाम्या रस्त्यावर, शेजारी मागे लक्ष ठेवायला माणूस घेऊन करा. हायवेवर ट्रकच्या पुढे नको, घाटात तर नकोच.

सगळं नीट बसलं होतं. टायर बदलून आल्यावर चाकातून टक-टक आवाज येतोय. काय झालं असेल?

बहुतेक बॅलन्सिंगचं वेट. चिकटवायचं वेट तीन-चार मिलिमीटर जाड असतं. ते नेमकं कॅलिपरच्या रेषेत चिकटवलं तर तुमची सगळी फट खाऊन टाकतं. दर फेरीला एक टक. काही किलोमीटरांत वेट उडतं, मग आवाज जातो आणि स्टिअरिंग थरथरू लागतं.

माझ्या प्रत्येक चाकात आतून कॅलिपर जिथून फिरतो तिथे मी पांढऱ्या पेंटने दोन रेघा मारून ठेवल्यात. टायरवाल्या मामांना सांगितलंय: रेघांच्या मध्ये वेट लावायचं नाही, बाहेरच्या बाजूला स्पोकच्या मागे लावा. चाक चढवल्यावर मी तिथेच, जॅकवर असतानाच, हाताने एक फेरी फिरवून कान देतो.